औषधाला दाद न देणारे जंतू : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक विवेचन

'रोग औषधाला दाद देत नाही', 'औषध लागू पडत नाही' आणि 'रोग्याला गुण येत नाही' ही तिन्ही वाक्ये मराठीत एकाच प्रसंगी बोलली जातात व ऐकणाऱ्याला ती समानार्थी वाटतात. व्याकरणदृष्ट्या मात्र ती एक नाहीत. पहिल्या वाक्यात कर्तृत्व रोगाकडे आहे, दुसऱ्यात औषधाकडे, आणि तिसऱ्यात कर्ता 'गुण' असून रोगी केवळ चतुर्थीत उभा आहे. औषध निष्प्रभ ठरण्याचे कारण नेमके कोठे वसते, याविषयीचे तीन वेगळे तर्क या तीन रचनांत नकळत गृहीत धरलेले आहेत. त्यांपैकी पहिला तर्क शास्त्राच्या सर्वांत जवळचा आहे. 'दाद' हा शब्द फारसीतून न्याय या अर्थाने मराठीत आला. दाद मागणारा औषध आणि ती न देणारा जंतू, ही मांडणी निदान पक्षकार तरी योग्य ठरवते.

याउलट सुशिक्षितांच्या लिखाणात रूढ झालेला 'औषधप्रतिकार' हा शब्द बराच घोटाळा करतो. 'प्रतिकारशक्ती' हा शब्द मराठी वाचकाच्या कानावर शरीराचा गुण म्हणून इतका बसला आहे की, 'रुग्णामध्ये औषधप्रतिकार निर्माण झाला' हे वाक्य वाचल्यावर रोग्याच्या शरीरानेच औषध नाकारले असा अर्थ लागणे अगदी स्वाभाविक होय. आणि शरीराने औषध नाकारले असेल तर तो त्या एका शरीराचा प्रश्न, घरातील इतरांचा त्याच्याशी संबंध नाही, असेही अनुमान त्यापाठोपाठ येते. वस्तुतः बदललेला असतो तो जंतू, आणि तो खोकल्याबरोबर तसाच्या तसा दुसऱ्याच्या फुप्फुसात जाऊ शकतो. चौथा प्रयोगही येथे नमूद केला पाहिजे. 'जंतूंना औषध अंगवळणी पडले' असे पुष्कळदा म्हटले जाते. माणसाला तंबाखू अंगवळणी पडते, म्हणजे एकच देह हळूहळू सरावतो. जंतूंच्या बाबतीत घडते ते असे सरावणे नव्हे. ते कोणत्या प्रकारे घडते, आणि ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत त्याला कोणते वळण लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले हे दोन्ही तालुके डोंगराळ व पावसाचे आहेत. तानसा, वैतरणा व भातसा यांच्या जलाशयांमुळे शहापूर तालुका मुंबईच्या पाणीपुरवठ्याचा आधार झाला आहे. आसनगावपासून कसाऱ्यापर्यंतचा लोहमार्ग त्याला शहराशी रोज जोडतो. मुरबाडला रेल्वे नाही, तेथील माणूस कल्याणवरून शहर गाठतो. पावसाळी भात हे मुख्य पीक. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी व वारली या जमातींची वस्ती पाड्यापाड्यांतून विखुरलेली आहे आणि भाताची कापणी-झोडणी उरकली की त्यांतील अनेक कुटुंबे, विशेषतः कातकरी, वीटभट्ट्यांवर निघून जातात. या सर्व गोष्टी प्रस्तुत विषयाला बाहेरून जोडलेल्या नाहीत, हे पुढे दिसेल.

मूळ तत्त्व समजण्यासाठी याच प्रदेशातील भातशेतीची दोन कामे उपयोगी पडतात. उन्हाळ्यात राब भाजतात. शेण, पालापाचोळा, कवळे यांचा थर रोपाच्या जागेवर पसरून पेटवला जातो व त्या धगीने तणाचे बी जळते. तथापि ढेकळाखाली किंवा थोडे खोल राहिलेले बी वाचते. ते वाचले ते स्वतःच्या गुणामुळे नव्हे, केवळ जागेमुळे. त्याच्यापासून उगवलेल्या झाडाचे बी पुढल्या वर्षी वरच्या थरात पडले तर इतर बियांप्रमाणेच तेही जळून जाईल. दुसरे काम बेणणीचे. लावणी झाल्यावर बाया खाचरात उतरून तण उपटतात. ज्या तणाचे पाते व फुटवा भातापासून वेगळा दिसतो, ते हाताला लागते. जे भातासारखेच दिसते, ते सुटते, निसवते आणि बी धरते. पिढ्यान्‌पिढ्या हीच चाळणी चालू राहिली तर शेतात भाताचे सोंग घेतलेले तणच शिल्लक राहते. पूर्व आशियातील भातशेतीत सावा-कुळीतील एका तणाच्या बाबतीत असे घडल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. तणाने सोंग घेण्याचे ठरवले नव्हते आणि बेणणाऱ्या बाईनेही त्याला ते शिकवले नाही. तिने केवळ न दिसणाऱ्याला जगू दिले.

जंतूंच्या जगात या दोन्ही गोष्टी घडतात व त्यांची गल्लत करणे घातक ठरते. औषधाच्या माऱ्यातून काही जंतू केवळ सुप्त अवस्थेत असल्यामुळे वाचतात. हे राबातील खोल बियांसारखे होत. १९४४ मध्ये जोसेफ बिगर याने पेनिसिलिनच्या संदर्भात असे चिवट जंतू वर्णिले. त्यांची संतती औषधाला पूर्वीइतकीच बळी पडते. म्हणून अशा जंतूंवरील उपाय म्हणजे काळ, अर्थात् औषध दीर्घकाळ चालू ठेवणे. क्षयाचा उपचार सहा महिने लांबतो तो मुख्यतः या सुप्त जंतूंमुळे. दुसऱ्या प्रकारचे जंतू बेणणीतून सुटलेल्या तणासारखे असतात. त्यांच्या आनुवंशिक द्रव्यातच फरक असतो व तो वारसाहक्काने पुढे जातो. त्यांच्यावर तेच औषध कितीही काळ दिले तरी उपयोग नाही. औषधाचा कालावधी आणि औषधांची संख्या ही उपचाराची दोन निराळी अंगे आहेत, ती या दोन निराळ्या शत्रूंसाठी.

आनुवंशिक फरक औषधाच्या स्पर्शाने उत्पन्न होतो की तो आधीच असतो, हा प्रश्न १९४३ पर्यंत खरोखरच अनिर्णित होता. सॅल्व्हादोर लुरिया आणि मॅक्स डेल्ब्र्यूक यांनी तो ज्या युक्तीने सोडवला, तिची गणना शतकातील सुंदर प्रयोगांत करावी लागेल. (जुगाराच्या यंत्रात बहुतेक वेळा काहीच न मिळता एखाद्या वेळी एकदम नाण्यांची रास पडते, हे एका नृत्यसमारंभात पाहताना लुरियाला कल्पना सुचली.) त्यांनी जंतूंची पुष्कळ छोटी भांडी स्वतंत्रपणे वाढवली आणि मग प्रत्येक भांड्यातील जंतूंवर त्यांचा नाश करणारा विषाणू सोडला. विषाणूच्या संपर्कामुळे जंतूंत बदल होत असेल, तर सर्व भांड्यांत वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी असावयास हवी, कारण संपर्क सर्वांना सारखाच घडला. पण बदल त्यापूर्वीच, वाढीच्या काळात, यदृच्छेने होत असेल, तर ज्या भांड्यात तो लवकर झाला तेथे त्या एका जंतूच्या पुष्कळ पिढ्या होऊन वाचणाऱ्यांची रास दिसेल, आणि जेथे तो उशिरा झाला किंवा झालाच नाही तेथे एक-दोन किंवा शून्य. प्रत्यक्षात संख्या अशाच विषम निघाल्या. उत्परिवर्तन आधी घडते, निवड मागाहून होते. जोशुआ व एस्थर लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दुसऱ्या रीतीने हेच सिद्ध केले. औषधाला कधीही न शिवलेल्या जंतूंतून औषधाला न जुमानणारे वाण त्यांनी वेगळे काढून दाखवले. 'अंगवळणी पडणे' हा वाक्प्रयोग येथे निरुत्तर होतो.

क्षयाच्या जंतूला हे तत्त्व लावले म्हणजे हिशेब स्पष्ट होतो. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू सुमारे दहा लाखांत एक, आणि रिफाम्पिसिनला न देणारा सुमारे दहा कोटींत एक, असे प्रमाण साधारणपणे धरले जाते. फुप्फुसातील एका पोकळीत एक कोटीपासून एक अब्जापर्यंत जंतू असू शकतात. दहा कोटी धरले तरी पहिली गोळी पोटात जाण्यापूर्वीच आयसोनियाझिडला न जुमानणारे शंभरेक आणि रिफाम्पिसिनला न जुमानणारा एखादा जंतू तेथे हजर असतो. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी न जुमानणारा जंतू आढळण्यासाठी या दोन प्रमाणांचा गुणाकार, म्हणजे एकावर चौदा शून्ये इतके जंतू हवेत. तेवढे कोणाच्याही शरीरात नसतात. म्हणून दोन औषधे एकत्र दिली तर प्रत्येक औषध दुसऱ्याच्या हातून सुटलेल्यांना टिपते. तीच दोन औषधे एकामागून एक दिली, तर पहिल्या औषधातून सुटलेले शंभर जंतू वाढून पुन्हा दहा कोटी होतात आणि त्यांच्यातच दुसऱ्या औषधाला न जुमानणारा एखादा निघतो. औषधे तीच, मात्राही तीच, पण परिणाम नेमका उलटा. चालू उपचार निष्फळ ठरत असता त्यात एकच नवे औषध घालणे हा क्षयोपचारातील सर्वांत मोठा दोष का मानला जातो, ते यावरून कळेल.

याचा पहिला धडा ब्रिटनमध्ये मिळाला. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील सुप्रसिद्ध चाचणीत ५५ रोग्यांना स्ट्रेप्टोमायसिन देण्यात आले व ५२ रोग्यांना केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्यातील १४ दगावले. औषधाचा प्रभाव निर्विवाद वाटला. परंतु पाच वर्षांनंतर हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातील मृत्यूंची संख्या ३२ व दुसऱ्यातील ३५ झाली होती. एकट्या औषधाने आणलेला गुण त्याच औषधाने निवडलेल्या जंतूंनी बव्हंशी परत नेला. १९५० पर्यंत पॅरा-अमिनो-सॅलिसिलिक आम्ल जोडीला देण्याचा उपयोग सिद्ध झाला आणि १९५२ मध्ये आयसोनियाझिड आल्यावर संयुक्त उपचाराचा पाया भरला गेला.

जंतू दाद देत नाही म्हणजे आत काय घडते? रिफाम्पिसिन हे जंतूच्या त्या विकराला जाऊन चिकटते, जे आनुवंशिक द्रव्यावरून आरएनएची नक्कल उतरवते. या विकराचा एक भाग घडवणाऱ्या 'आरपीओबी' जनुकातील ८१ अक्षरांच्या छोट्याशा पट्ट्यात एखादे अक्षर बदलले की औषधाला बसण्याची जागा बिघडते. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ९५ टक्क्यांत बदल याच पट्ट्यात सापडतो, आणि म्हणूनच त्या एका पट्ट्याची तपासणी करून काही तासांत निदान देणारी यंत्रे शक्य झाली. त्यांपैकी ट्रूनॅट हे भारतातच, गोव्यातील कंपनीने, विकसित केलेले असून विजेची व वातानुकूलनाची फारशी अपेक्षा न ठेवता ते ग्रामीण केंद्रावर चालू शकते. आयसोनियाझिडची कथा अधिक चमत्कारिक आहे. हे औषध मुळात निरुपद्रवी अवस्थेत जंतूच्या आत शिरते व जंतूचाच 'कॅटजी' नावाचा विकर त्याला विषारी रूप देतो. हा विकर बिघडलेला जंतू औषधाशी कसलाही सामना करीत नाही. तो फक्त घातकाला शस्त्र पुरवण्याचे थांबवतो. 'प्रतिकार' या शब्दात प्रति आणि कृ यांचा योग आहे, म्हणजे विरुद्ध कृती. येथे कृतीचा अभाव हाच बचाव होय.

आता शहापूर-मुरबाडकडे वळू. क्षयाच्या उपचाराचे वेळापत्रक आणि या तालुक्यांतील श्रमाचे वेळापत्रक एकमेकांवर ठेवून पाहिले असता एक विलक्षण छेद दिसतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपलेले असते. त्याच दिवसांत वीटभट्टीमालकाकडून पुढच्या हंगामासाठी उचल घेतली जाते. खोकला बरेच दिवस अंगावर काढून एखादा माणूस भाद्रपदात ग्रामीण रुग्णालयात पोचला व त्याला औषध सुरू झाले, असे धरू. पहिल्या दोन महिन्यांतील चार औषधांनी बहुसंख्य जंतू मरतात. ताप जातो, भूक लागते, वजन वाढते. हे घडते नेमके कार्तिकात, जेव्हा कापणी संपून भिवंडी, कल्याण, पनवेल किंवा वसईच्या भट्टीवर जाण्याची वेळ येते. घेतलेली उचल फेडावयाची असते आणि जोडप्याने काम करावयाचे असल्याने एकट्याने मागे राहणे शक्य नसते. पुढले चार महिने केवळ सुप्त जंतूंसाठी आहेत, पण त्यांचे कोणतेही लक्षण शरीराला जाणवत नाही. जाणवते ते कर्ज. कुटुंब पाड्यावर परतते ते पावसाच्या तोंडाशी.

१९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयचिकित्सा केंद्राने १९५९ मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष जगापुढे ठेवला. घरी राहून औषध घेणारा गरीब रोगीही आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो आणि घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोचत नाही. या निष्कर्षाने लक्षावधी लोकांना उपचार खुले झाले. परंतु 'घर' या शब्दात एक गृहीत दडलेले आहे, ते म्हणजे घर एका जागी असते. वर्षातील सहा-सात महिने ज्याचे घर विटांच्या रचलेल्या भिंतींवर पालापाचोळा टाकून उभारलेले खोपटे असते, त्याच्यासाठी औषधाचे केंद्र कोणते? भारताच्या सुधारित क्षयनियंत्रण कार्यक्रमात १९९७ पासून आठवड्यातून तीन वेळा कार्यकर्त्यासमक्ष औषध देण्याची पद्धत होती. ती २०१७ मध्ये बदलून रोजच्या संयुक्त गोळ्यांची करण्यात आली. पूर्वीच्या पद्धतीत नोंदणीच्या केंद्रापासून दूर गेलेल्या मजुराची अडचण उघडच अधिक होती. २०१२ पासून 'निक्षय' या संगणकीय नोंदवहीमुळे एका तालुक्यातील रोगी दुसऱ्याकडे सोपवणे कागदोपत्री सुकर झाले आहे. भट्टीवरच्या माणसाला सुट्टी मिळते का, हा प्रश्न त्या नोंदवहीच्या कक्षेत येत नाही.

औषधात खंड पडल्याने दाद न देणारे वाण नेमके कसे वर येतात? औषध थांबले की वाचलेले जंतू पुन्हा वाढू लागतात, पण दोन औषधांच्या माऱ्यातून ते सारख्याच वेगाने सावरत नाहीत. प्रत्येक खंडात एखाद्या औषधाला न जुमानणाऱ्यांना थोडी आघाडी मिळते व खंडामागून खंड ती साचत जाते. यात रोग्याच्या शिस्तीखेरीज इतरही गोष्टींचा हात असतो. आयसोनियाझिड शरीराबाहेर टाकण्याची गती माणसामाणसांत आनुवंशिकतेने भिन्न असते. एकही गोळी न चुकवणाऱ्याच्या रक्तातही औषध पुरेसे न राहणे संभवते.

खुद्द औषध लिहून देणाऱ्यांचीही परीक्षा झालेली आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धारावीच्या पाहणीत शंभरेक खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी ८० निरनिराळे उपचार लिहिले होते. जवळजवळ वीस वर्षांनी, २०१० मध्ये, डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच पुन्हा पाहणी केली, तेव्हा १०६ डॉक्टरांकडून ६३ वेगवेगळी औषधपत्रे मिळाली आणि बिनचूक औषधपत्र लिहिणारे अवघे ६ निघाले. दोन औषधांच्या गुणाकाराचा वर दिलेला हिशेब अशा औषधपत्रांत रोज मोडला जात होता. उदवाडिया यांनीच २०११ च्या अखेरीस हिंदुजा रुग्णालयातील चार रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांचे जंतू तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद देत नव्हते. 'पूर्णतः औषधप्रतिकारी' या विशेषणावरून मोठा वाद माजला. शासनाने त्यास हरकत घेतली. २०१२ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत, सर्व औषधांच्या तपासण्या पुरेशा विश्वसनीय नसल्याने ही संज्ञा मान्य करता येत नाही, असे ठरले. परिभाषेच्या दृष्टीने तो निर्णय समर्थनीय होता, कारण 'पूर्णतः' हा शब्द पुढच्या औषधाच्या शोधाबरोबर खोटा ठरतो. बेडाक्विलिन भारतात २०१६ मध्ये मर्यादित प्रमाणावर उपलब्ध झाले आणि तसेच घडले. पण चार माणसांच्या फुप्फुसांतील वस्तुस्थितीपेक्षा तिच्या नावावर अधिक शाई खर्च झाली, हेही खरे.

मुंबईतील ही घटना शहापूर-मुरबाडपासून दूरची समजणे चूक होईल. क्षयाचा जंतू इतर अनेक जंतूंप्रमाणे परस्परांत जनुकांची देवघेव करीत नाही. १९५० नंतर जपानमध्ये हगवणीच्या जंतूंत अशा देवघेवीचा शोध लागला व एकाच फटक्यात अनेक औषधे निष्प्रभ होताना दिसली. क्षयाच्या जंतूचे प्रत्येक उत्परिवर्तन त्याच्याच वंशात घडावे लागते. परंतु एकदा घडले की तो वंश पसरतो. आज बहुऔषधप्रतिकारी क्षयाच्या नव्या रोग्यांपैकी मोठा भाग असा आहे की त्यांनी औषधात कुचराई केली म्हणून नव्हे, तर मुळातच त्या वाणाचा जंतू श्वासातून मिळाला म्हणून त्यांना तो रोग झाला. मुंबईच्या अशा जंतूंत ज्याला बीजिंग वंश म्हणतात त्याचे लक्षणीय अस्तित्व संशोधकांना आढळले आहे. कसारा लोकलच्या गर्दीत, किंवा भट्टीवरच्या दाटीवाटीच्या खोपटांत, जन्मात एकही गोळी न घेतलेल्या पोराला हा जंतू मिळू शकतो. त्याच्याविषयी 'औषधाची सवय झाली' असे कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

उत्परिवर्तन जंतूला फुकट मिळत नाही. बिघडलेला विकर मूळ विकराइतके चांगले काम करीत नाही व असा जंतू सुरुवातीला मंद वाढतो. यावरून काहींनी पूर्वी अशी आशा बाळगली होती की औषध मागे घेतल्यास जुने वाण त्याला हटवतील. हिवतापात ही आशा एकदा खरी ठरली. क्लोरोक्विनला दाद न देणारे फॅल्सिपेरम परोपजीवी १९६० च्या सुमारास थायलंड-कंबोडिया सीमेवर व कोलंबियात दिसले. भारतात १९७३ मध्ये आसामात त्यांची नोंद झाली आणि २०१० पासून देशभर सिद्ध झालेल्या फॅल्सिपेरम हिवतापासाठी आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार ठरवण्यात आला. आफ्रिकेतील मलावी देशाने १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद केले आणि दहा-बारा वर्षांत तेथील परोपजीवी त्या औषधाला पुन्हा जवळजवळ पूर्ण दाद देऊ लागले. क्षयाच्या जंतूने मात्र दुसरा मार्ग शोधला. रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या काही वाणांत त्याच विकराच्या दुसऱ्या भागात आणखी एक उत्परिवर्तन होऊन पहिल्याची तूट भरून निघते. असा जंतू औषध नसतानाही मागे पडत नाही.

कुष्ठरोगाचा इतिहास या दोन्ही तालुक्यांना जवळचा आहे, कारण ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात हा रोग पूर्वापार आहे आणि डॉ. आर. गणपती यांनी १९७६ मध्ये स्थापन केलेल्या बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टने शहापूरकडील ग्रामीण भागातही काम केले आहे. या रोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही आणि दुप्पट होण्यास त्याला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. डॅप्सोन हे एकच औषध दशकानुदशके वर्षानुवर्षे दिले जात होते. ते निष्प्रभ होत असल्याचा संशय सिद्ध करण्यास साधनच नव्हते. १९६० मध्ये चार्ल्स शेपर्डने उंदराच्या पंज्यात हा जंतू वाढवून दाखवला आणि १९६४ मध्ये पेटिट व रीस यांनी मलायातील रोग्यांत डॅप्सोनला न जुमानणारे जंतू सिद्ध केले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांचा संयुक्त उपचार सुचवला. त्यातील एक तपशील फार शहाणपणाचा होता. सर्वांत प्रभावी असलेले रिफाम्पिसिन महिन्यातून एकदाच, तेही कार्यकर्त्यासमक्ष द्यावयाचे. दूरच्या पाड्यावर महिन्यातून एक फेरी शक्य असते, रोजची नसते. चार दशकांनंतरही कुष्ठरोगात रिफाम्पिसिन बहुतांशी प्रभावी राहिले आहे. त्याचे श्रेय जंतूच्या मंदपणाला किती आणि त्या वेळापत्रकाला किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, पण दुसरा वाटा लहान नसावा.

कर्करोगाकडे याच दृष्टीने पाहण्यास शास्त्रज्ञांना थोडा वेळ लागला. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेत एमिल फ्राय व एमिल फ्रायराइख यांनी बालकांच्या रक्ताच्या कर्करोगावर चार औषधे एकदम दिली. त्यांच्यापुढे क्षयाच्या संयुक्त उपचाराचे उदाहरण होते. १९७९ मध्ये गोल्डी व कोल्डमन यांनी लुरिया-डेल्ब्र्यूक यांचेच गणित गाठीला लावले. एक घन सेंटिमीटर गाठीत सुमारे एक अब्ज पेशी धरतात, म्हणजे तेथेही दाद न देणाऱ्या पेशी औषधापूर्वीच उपस्थित असणार. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध एका जीर्ण रक्तकर्करोगावर वापरात आले. त्याच वर्षी असे दिसले की ज्यांचा रोग उलटला त्यांच्यापैकी काहींत, औषध जेथे बसते त्या प्रथिनाच्या ३१५ व्या जागी थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आले आहे. एका दुव्याच्या फरकाने जागा बंद झाली, हे रिफाम्पिसिनच्या गोष्टीहून वेगळे नाही.

मात्र एक भेद मूलभूत आहे. मुरबाडहून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात गेलेल्या रोग्याच्या कर्कपेशी कितीही हट्टी झाल्या, तरी त्यांचा वंश त्या देहाबरोबर संपतो. त्या लोकलमधून कोणाला लागत नाहीत. प्रत्येक रोग्यात उत्क्रांतीचा खेळ नव्याने मांडला जातो. या भेदामुळे एकाच सिद्धान्तातून दोन विरुद्ध सल्ले निघतात. समूळ नाश शक्य नसलेल्या काही कर्करोगांत रॉबर्ट गेटन्बी यांच्यासारखे संशोधक औषध मुद्दाम आवरते देऊन पाहत आहेत. दाद देणाऱ्या पेशी काही प्रमाणात जगू द्याव्यात, म्हणजे त्या जागा व पोषण व्यापून दाद न देणाऱ्यांना दाबून धरतील, असा त्यांचा तर्क असून तो अजून प्रायोगिक अवस्थेत आहे. क्षयात असा डाव खेळता येत नाही. तेथे समूळ नाश शक्य आहे, आणि राखून ठेवलेला प्रत्येक जंतू शेजाऱ्याच्या श्वासाच्या वाटेवर असतो.

राहिला प्रश्न औषध अर्धवट राहिलेल्या रोग्याला काय म्हणावयाचे, हा. इंग्रजी नोंदवह्यांत त्याला 'डिफॉल्टर' म्हणत असत, म्हणजे बँकेच्या भाषेत थकबाकीदार. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही संज्ञा काढून टाकली व पाठपुराव्यातून हरवलेला अशा अर्थाची योजली. त्याच वेळी रोगाची शंका असलेल्या माणसाला 'संशयित' म्हणणेही थांबवले गेले. मराठीत हा बदल अनुवादित संज्ञांनी करण्याची विशेष गरज नव्हती, कारण सकर्मक व अकर्मक धातूंची जोडी भाषेत आधीपासूनच आहे. 'त्याने औषध सोडले' या वाक्यात सोडणारा कर्ता आहे, त्याला हेतू आहे आणि म्हणून दोषही त्याच्या माथी येतो. 'त्याचे औषध सुटले' या वाक्यात औषध हाच कर्ता असून माणूस षष्ठीत, केवळ संबंधापुरता उरतो. ते कोणामुळे सुटले हे वाक्य सांगत नाही आणि म्हणून ते विचारावे लागते. मराठी बोलणाऱ्याला 'औषध सुटलं' म्हणणे सहज येते. रुग्णालयाच्या मराठी कागदावर मात्र त्याच जागी 'औषध सोडले' असे लिहिता येते, आणि उचल, भट्टी, दूरचे केंद्र किंवा चुकीचे औषधपत्र यांपैकी कशाचीही चौकशी तेथेच थांबू शकते.